सुगीत ज्वारी न विकण्याची सोय

सुगीत ज्वारी विकायची नाही, असं ठरवता येणं ही आमच्या गटाची पहिली खरी कमाई. पापड, मसाला, कडक भाकरी हे सगळं नंतर आलं. बचत गटाने बाईच्या पोटापाण्यात काय फरक पडतो, असं कुणी विचारलं की मी आधी ज्वारीचं सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही विषय सोडून बोलतेय. पण आमच्याकडे विषय तोच आहे.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात, काळ्या रानातलं. दामाजीपंतांच्या कोठारांचा हा मुलूख, आणि मालदांडी ज्वारीचा. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारीपासून पुढे. काढणी म्हणजे ताट मुळासकट उपटायचं, दिवसभर वाकून. हे काम बायका-पुरुष दोघंही करतात, पण बाईचा रोज गड्यापेक्षा कमी. मळणी झाली की सगळ्यांची ज्वारी एकदमच बाजारात येते आणि भाव पडतो. आषाढ-श्रावणापर्यंत तोच भाव बराच वर गेलेला असतो. कडब्याचंही तसंच, सुगीत शंभर पेंढ्यांना जो दर मिळतो तो वैशाखात मिळणाऱ्या दराच्या जवळपासही नसतो. हे गावातल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. तरी लहान शेतकऱ्याचं घर सुगीतच विकतं, कारण दुकानाची उधारी, सावकाराचं व्याज आणि घरातलं एखादं लग्न पुढच्या भावासाठी थांबत नाहीत.

2014 साली उमेद, म्हणजे बचत गट बांधणारं सरकारी अभियान, आमच्या गावात पोचलं. गट कसा बांधायचा ते शिकवायला विदर्भातून वर्धिनी आल्या होत्या. त्याही आमच्यासारख्याच गावातल्या बायका, कुणी शेतमजूर, कुणी एकट्या. देवळाच्या ओवरीत उतरल्या, घरोघर गेल्या, आमच्या भाकरी खाल्ल्या. त्यांची बोली ऐकून आम्ही हसायचो आणि आमची ऐकून त्या. त्यांनी सरकारी योजनेचं एक अक्षरही आधी काढलं नाही. "तुमच्याकडे शेकडा किती चालतो?" एवढंच विचारलं. आमच्या खालच्या आळीत तेव्हा शेकडा पाच चालायचा, अडचण मोठी असली तर दहा. म्हणजे हजार रुपयांना महिन्याला पन्नास ते शंभर. वर्षभर नुसतं व्याज भरलं तर सहाशे ते बाराशे, आणि मुद्दल तसंच. ही वजाबाकी आम्ही आयुष्यभर करत आलो होतो. कुणी पाटीवर लिहून दाखवली नव्हती.

अकरा जणींचा गट झाला. आठवड्याला प्रत्येकीचे वीस रुपये. मी बारावी झालेली, म्हणून सचिवपद माझ्याकडे आलं. अध्यक्ष म्हणून ज्या आक्का निवडल्या, त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं, पण कुणाच्या घरात काय शिजतं ते त्यांना उंबरठ्यावरूनच कळायचं. पुढे लक्षात आलं की गटाला या दोन्ही गोष्टी लागतात.

ज्यांनी गट पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याचं काम थोडं उलगडून सांगते. दर आठवड्याला ठरल्या वाराला, ठरल्या वेळी गोल बसायचं. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे. जमलेल्या पैशातून जिला गरज आहे तिला तिथंच कर्ज द्यायचं, महिन्याला शेकडा दोन दराने. मागचं कर्ज घेतलेलीने हप्ता भरायचा. सगळं रोखपुस्तकात, कर्ज नोंदवहीत आणि प्रत्येकीच्या पासबुकात लिहायचं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं. याला पंचसूत्री म्हणतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. उमेदने तीत आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, सरकारी योजना आणि शाश्वत उपजीविका घालून दशसूत्री केली. पण पहिली पाच नीट नसतील तर पुढची पाच भिंतीवरच राहतात, असं मला दहा वर्षांनंतरही वाटतं.

शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. शहरातल्या माणसाला हे फार वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. पण ते व्याज जातं कुठं ते बघा. सावकाराला दिलेलं व्याज सावकाराच्या घरी जातं. गटातलं व्याज गटातच पडतं आणि पुढच्या बाईला कर्ज म्हणून मिळतं. आठवड्याला दोनशे वीस रुपये जमायचे, वर्षाचे अकरा हजारांच्या वर. त्यात व्याज पडत गेलं. पुढे अभियानाचा फिरता निधी पंधरा हजार आला. दीड वर्षात आमच्याकडे इतकी रक्कम फिरत होती की पाच हजारांसाठी गटातल्या बाईने कुणाच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही.

पहिली कर्जं कशासाठी गेली, त्याची वही माझ्याकडे आहे. दवाखाना, शाळेचा गणवेश, किराणा, पुन्हा दवाखाना. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी नाक मुरडलं. म्हणाले, हे सगळं खर्चिक कर्ज आहे, उत्पादक कर्ज कुठं आहे? मला त्यांचा राग आला होता, आणि आजही माझं उत्तर तेच आहे. आमच्याकडे दवाखान्याला घेतलेले तीन हजारसुद्धा उत्पादक असतात, कारण ते मिळाले नसते तर ज्वारीचं पोतं सुगीच्या भावात गेलं असतं, नाहीतर शेळी.

शेळीचं एक उदाहरण देते. आमच्या गटातल्या एका विधवा काकूंकडे उस्मानाबादी शेळ्या होत्या. ही जात जुळी देते, दुष्काळात तग धरते, म्हणून आमच्याकडे बायकांची खरी बँक तीच. काकूंच्या दोन बोकडांवर खाटकाची नजर होती. मुलाच्या आयटीआयची फी भरायची वेळ आली तेव्हा बकरी ईदला अजून दोन महिने होते. गट नसता तर बोकड त्याच आठवड्यात खाटकाच्या भावाने गेले असते. काकूंनी गटातून फीपुरतं कर्ज घेतलं, बोकड ईदपर्यंत सांभाळले आणि व्याज देऊनही हातात आधीच्या बोलीपेक्षा बरेच जास्त पैसे राहिले. नवीन धंदा काढला नाही, प्रशिक्षण घेतलं नाही. जी मालमत्ता होती तीच योग्य दिवशी विकली, इतकंच.

यावरूनच ज्वारीचं सुचलं. बाजार समितीत शेतमाल तारण योजना असते. माल त्यांच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ठरावीक हिश्शापर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, वर्षाला सहा टक्के व्याजाने. योजना चांगली आहे. पण पाच-सात पोती ज्वारीसाठी टेंपो करून तालुक्याला कोण जाणार? आणि तिथं सातबारा लागतो. आमच्या अकरा जणींपैकी सातबाऱ्यावर नाव होतं फक्त दोघींचं, त्याही विधवा म्हणून. राबतात सगळ्याच. मग आम्ही तीच पद्धत लहान करून गटात घेतली. ज्वारी ज्या त्या घरीच राहणार, पोत्यावर गटाचं चिन्ह, कडुनिंबाचा पाला घालून शिवलेली. बैठकीत दोघी जणी जाऊन पोती मोजून येणार. त्यावर कर्ज. आषाढात विकली की फेड. घरातल्या पुरुषांनी सुरुवातीला कुरकुर केली की आमच्या पोत्यावर तुमची खूण कशाला. पहिल्या आषाढात भाव हातात पडल्यावर कुरकुर थांबली.

कडक भाकरीचा धंदा यातून पुढे आला, आणि त्याचा हिशोब मला सगळ्यांना दाखवावासा वाटतो, कारण गटांच्या धंद्यांवर जे लिहिलं जातं त्यात हिशोब सापडत नाही.

सोलापूरकडची कडक भाकरी म्हणजे पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद धगीवर पूर्ण वाळवलेली ज्वारीची भाकरी. महिनाभर सहज टिकते. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खातात. एका किलो पिठात साधारण बारा होतात. पीठ ताजंच लागतं, चार-पाच दिवसांचं झालं की भाकरी थापताना कडेने चिरते. आम्ही सुरू केलं त्या वर्षी सुगीत ज्वारी किलोला 28 रुपये होती आणि श्रावणात 45. दळण पाच रुपये. म्हणजे सुगीत घेतलेल्या ज्वारीचं एका भाकरीमागे पीठ पावणेतीन रुपयांचं, आणि श्रावणात घेतलेल्याचं सव्वाचारच्या थोडं खाली. थापणं-भाजणं मिळून बाईची मजुरी भाकरीला तीन रुपये धरली. हाताला सवय असलेली बाई दिवसाला शंभर करते, तेव्हा तीनशे रुपये पडतात, खुरपणीच्या रोजापेक्षा थोडे जास्त. सरपण एक रुपया, पाकीट आणि वाहतूक बारा आणे. आता बेरीज करा. सुगीच्या ज्वारीची भाकरी साडेसातला पडते, श्रावणातल्या ज्वारीची नऊच्या आसपास.

सोलापूरचा व्यापारी साडेआठ द्यायचा.

म्हणजे जिच्याकडे सुगीत धान्य भरून ठेवायला पैसा आहे तिला भाकरीमागे रुपया सुटतो, आणि जी महिन्याच्या महिन्याला पीठ विकत घेते ती दिवसभर धगीसमोर बसून तोट्यात जाते. कसब दोघींचं एकच, भाकरीही एकच. आमच्या शेजारच्या एका गटाने हाच धंदा चांगल्या उत्साहाने काढला आणि वर्षाच्या आत बंद केला. त्यांना कष्ट कमी पडले, असं लोक म्हणाले. मी त्यांच्या वह्या पाहिल्या आहेत. कष्ट नव्हे, फेब्रुवारीतले तीस हजार कमी पडले.

आम्हाला ते तीस हजार ग्रामसंघाकडून मिळाले. गावातले सगळे गट मिळून ग्रामसंघ होतो आणि अभियानाचा समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघामार्फत गटाला कर्ज म्हणून येतो. आमच्या वाट्याला साठ हजार आले. त्यासाठी प्रत्येक घराचा सूक्ष्म आराखडा करावा लागतो: उत्पन्न किती, खर्च कशावर, कर्ज कुणाचं, पैसे मिळाले तर काय करणार. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्या आराखड्यांनी मला माझं गाव नव्याने दिसलं. एका घरात पाच वर्षं तंबाखू-गुटख्यावर जेवढा खर्च झाला होता तेवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या. ते वाचून दाखवल्यावर त्या घरचा कारभारी बैठकीच्या वेळी अंगणात फिरकायचा बंद झाला.

बँकेचं प्रकरण वेगळं. नाबार्डने 1992 साली देशभरातले 500 गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्याला इतकी वर्षं उलटून गेली, तरी आमच्या जवळच्या शाखेत आम्ही गेलो तेव्हा पहिला प्रश्न होता, "मालकांना का नाही आणलं?" मग सांगितलं की नवऱ्यांच्या सह्या लागतील. मग म्हणाले, बचत खात्यातली रक्कम ठेव म्हणून अडकवून ठेवावी लागेल. गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. आमच्या सीआरपीताईंनी, म्हणजे अभियानाकडून गटांना मदत करणाऱ्या ताईंनी, त्याची मराठी प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवली होती. आवाज न चढवता त्यांनी ती टेबलावर ठेवली. आक्का खुर्चीवरून उठल्या नाहीत. कर्ज मंजूर व्हायला तरीही खूप खेटे पडले, आणि एका खेट्याला एकीचा एक रोज बुडतो हे कुठल्याच आकडेवारीत येत नाही. पण पहिलं एक लाख आलं. व्याज सात टक्के, आणि वेळेत फेडलं की त्यावर सवलत परत खात्यात येते. आम्ही वेळेत फेडलं. दुसऱ्या कर्जाच्या वेळी त्याच शाखेत चहा आला.

एक लाख आले म्हणजे ते बायकांचे झाले, असं मात्र नाही. याबद्दल मी गप्प बसणार नाही. पहिल्या बँक कर्जातला बराच वाटा घरातल्या पुरुषांच्या हातात गेला. कुणाची मोटारसायकल दुरुस्त झाली, कुणाच्या बोअरला मोटार आली. बोअरच्या मोटारीने घराला पाणी मिळालं, त्याला मी वाईट म्हणत नाही. पण हप्ता बाईच्या डोक्यावर आणि वस्तू दुसऱ्याच्या नावावर, असं झालं की हप्त्याच्या दिवशी तिलाच हात पसरावे लागतात, यावेळी नवऱ्यापुढे. दुसऱ्या कर्जापासून आक्कांनी नियम काढला. कर्जातून काय आलं ते बैठकीने जाऊन पाहायचं. शेळी असेल तर विम्याचा बिल्ला तिच्या नावाचा. शिलाई मशीन, गिरणी, पिठाची चाळण, काहीही असो, पावती बाईच्या नावाची. दोघी जणी यावरून गट सोडून गेल्या. त्यातली एक पुढे परत आली.

याच काळात गावात मायक्रोफायनान्सच्या कंपन्यांचे गट उभे राहिले. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. दोन्हीकडे दहा-बारा बायका, सतरंजी, वही. पण तिथं पैसा बाहेरून येतो आणि व्याजासकट बाहेर जातो, आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवतात. तीस-चाळीस हजार एका दिवसात मिळतात, म्हणून बायका घेतात. आमच्या गटात पहिल्या वर्षी एवढी रक्कम मिळू शकत नव्हती, हे खरं आहे. मग एका कंपनीचं फेडायला दुसरीचं, दुसरीचं फेडायला तिसरीचं. 2020 च्या टाळेबंदीत मजुरी बंद पडली तेव्हा या बायकांचे जे हाल झाले ते मी जवळून पाहिले. त्यावेळी आमच्या गटाने काय केलं? तीन महिने हप्ते थांबवले. कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, सगळ्या जणींनी अंतर ठेवून बसून हात वर केला. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घराचे सगळे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. नियम चांगला आहे. आमच्याकडे उत्पन्नाचा आकडा कोण लिहून घेतो आणि कसा लिहितो, यावर सगळं अवलंबून असतं.

विक्रीचं थोडक्यात. व्यापाऱ्याकडे रुपया सुटतो, स्वतः विकलं तर अडीच. पंढरपूर आम्हाला जवळ, म्हणून वारीत बसायला लागलो. आषाढीला गर्दी अफाट, पण पावसाळी हवेत भाकरी सादळते. दुहेरी पाकीट करावं लागतं आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा धग द्यावी लागते. कार्तिकी आणि माघी आम्हाला जास्त फळते. अन्नसुरक्षेची नोंदणी तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपयांत व्हायची, ती केली. 2023 हे भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा प्रदर्शनात पुण्या-मुंबईच्या लोकांनी ज्वारीबद्दल आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव ग्राहकाला माहीत असतं. पण पाकिटावर तो शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि ती आमच्या गटात अजून एकीचीही नाही.

आणि कामाचे तास. सकाळी सहा ते नऊ स्वयंपाक-पाणी, मग रान किंवा भाकरी, मग बैठक, मग पुन्हा चूल. गटाने मिळकत वाढवली, घरातलं काम कमी केलं नाही. काही घरांत ते काम थोरल्या मुलीवर गेलं. एका मुलीची नववीतली गैरहजेरी वाढली तेव्हा तिला शिकवणाऱ्या बाई शाळेतून थेट आमच्या बैठकीला आल्या होत्या. त्यानंतर भाकरीचं काम आम्ही शाळेच्या वेळेतच बसवलं, आणि मुलीला काठवटीपाशी बसवायचं नाही असा ठराव इतिवृत्तात लिहिला. ठरावाने सगळं होत नाही. पण तो वाचून दाखवता येतो.

आज आमच्या गटातल्या बहुतेक घरांत सावकाराचं कर्ज उरलेलं नाही. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीनंतर कारखान्यावर जाणाऱ्या दोन घरांपैकी एक गेली चार वर्षं गावातच आहे. दुसरं अजून जातं. त्यांच्या डोक्यावरची उचल आमच्या गटाच्या एका कर्जात फिटणारी नाही, आणि उचल देणारा मुकादम ती फिटू देत नाही.

सध्या गटात वाद चालू आहे तो नफ्याचा. भाकरीच्या धंद्यातून शिल्लक पडली आहे. निम्म्या जणींचं म्हणणं, दिवाळीला वाटून घ्यावी, इतकी वर्षं हात भाजले आहेत. त्यात चूक काहीच नाही. आक्का आणि मी म्हणतोय की ती ऊसतोडीवाल्या वहिनींची उचल फेडायला बिनव्याजी द्यावी, आणि उरेल त्याची येत्या सुगीत ज्वारी भरावी. वहिनी म्हणतात, एवढं ओझं मला नको, तुमच्यापुढे मान खाली घालून बसावं लागेल. त्यांचं समाधान होईल अशी परतफेड कशी बांधायची, त्यावर दोन बैठका झाल्या आहेत. काढणीची निम्मी मजुरी गटात वळती करायची असं मी मांडलंय. मंगळवारी पुन्हा बसायचंय, आणि मुकादम दसऱ्याच्या सुमारास गावात येतो, म्हणून त्याआधी ठरायला हवं.